सगळ्यांना चालणारं पिस्तूल

“माणसाजवळ पिस्तूल एकच असावं, सेक्रेटरी, पण ते असं असावं, की कुठल्याही मैदानात उभं केलं तरी मालकाची मान खाली जाऊ नये!”

नानासाहेब इंगवले हे बोलले तेव्हा त्यांनी झाडलेल्या पाचही गोळ्या माझ्या पुठ्ठ्यात होत्या.

आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. पाच मी मारल्या, पाच त्यांनी. दुर्बिणीतून बघितलं तर माझ्या पुठ्ठ्याला दहा भोकं, आणि त्यांचा पुठ्ठा छापखान्यातून आला तसा. नानासाहेबांनीही दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ लावला आणि म्हणाले, “तुमचा हात आज लय झकास बसलाय. दहाच्या दहा कागदावर.”

“माझ्या पाचच होत्या, नानासाहेब.”

“मग हा ह्या पिस्तुलाचा दोष. म्हणून तर म्हणतोय, नवीन घेऊया.”

अशा रीतीनं आमच्या क्लबात नव्या पिस्तुलाचा विषय निघाला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या बाहेर एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत आमचं नेमबाजी मंडळ होतं. नाव ‘रणझुंजार’. नावाच्या मानानं सभासद सौम्य होते. अध्यक्ष नानासाहेब. खजिनदार डॉक्टर करमरकर. ते दातांचे डॉक्टर. सेक्रेटरी मी, कॉलेजात भूगोल शिकवायचो, त्यामुळं गोळी कुठल्या दिशेला गेली एवढं मला नक्की सांगता यायचं. आणि आमच्या सगळ्या मंडळात ज्याला खरोखर नेम होता असं एकच माणूस होतं: नानासाहेबांची सून ऊर्मिला.

नेम होता, पण डावा.

ऊर्मिला जन्माची डावखुरी. तिच्या लग्नाला मी होतो. इंगवल्यांच्या घरी पद्धत अशी, की नवी सून माप ओलांडून आत आली की ओल्या कुंकवात तळवा बुडवून देवघराच्या भिंतीवर हात उमटवते. ऊर्मिला आली, माप ओलांडलं, परातीत हात बुडवला आणि मोकळेपणी डाव्या हाताचा पंजा भिंतीवर उमटवून रिकामी झाली. सासूबाईंच्या, म्हणजे आक्कासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “पुसा ते आधी! उजवा उमटवा!” तेवढ्यात सोप्यातून नानासाहेबांचा आवाज आला: “उमटला तो उमटला. भिंत काय रोज रोज धुवायची असते?” विषय संपला. आक्कासाहेब होत्या तोवर त्यांनी त्या भिंतीकडं बघून नमस्कार केला नाही. मान जरा वळवून करायच्या.

पुढं घरातली नेमबाजी बघता बघता ऊर्मिलानंही एकदा पिस्तूल हातात घेतलं. तिच्या नवऱ्याला, जयसिंगला, गोळीच्या आवाजाची धास्ती. तो पोल्ट्री सांभाळायचा. कोंबड्यांनाही धास्ती, असं तो सांगे. सूनबाई मात्र एका पावसाळ्यात आम्हा सगळ्यांच्या पुढं निघून गेली. राज्याच्या संघासाठी पुण्याला निवड चाचणी व्हायची. दोन वर्षं ती अगदी थोडक्यात हुकली होती.

हुकायचं कारण सगळ्यांना माहीत होतं. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ म्हणजे काही खुरप्याची मूठ नव्हे, की कुणीही धरावी. अक्रोडाच्या लाकडात हाताचा साचा कोरलेला असतो. अंगठ्याला ओटा, बोटांना खाचा, तळहाताखाली वरखाली होणारी फळी. मंडळाचं जुनं पिस्तूल उजव्या हाताचं होतं. ते डाव्यात धरायचं म्हणजे उजवा बूट डाव्या पायात घालून पन्हाळा चढायचा. ऊर्मिला अंगठ्याच्या बुडाला चिकटपट्टी गुंडाळायची. सराव संपला की पट्टी लाल झालेली असायची. पट्टी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायची. डब्याजवळ बसणारे आम्ही तिघं तेवढ्यापुरते दुसरीकडं बघायचो.

त्या वर्षी एका साखर कारखान्यानं आपल्या रौप्यमहोत्सवानिमित्त आम्हाला एका पिस्तुलाची देणगी दिली. एकच. आणि गरजा तीन प्रकारच्या. नानासाहेबांना सेंटर फायर खेळायचं, म्हणजे बत्तीस बोअरची जाड गोळी. डॉक्टरांना स्टँडर्ड पिस्तूल, म्हणजे बावीस बोअर आणि वेळ प्रत्येक फेरीला आखडत जाणार. ऊर्मिलाचा स्पोर्ट पिस्तूल हा बायकांचा प्रकार, तोही बावीसचा. मला कुठलाही चालला असता. माझे गुण सगळीकडं सारखेच पडत.

पुण्याचा एक विक्रेता कॅटलॉग घेऊन आला. टिनाच्या शेडमध्ये बैठक भरली. पोहे झाले. नानासाहेबांनी कॅटलॉग मुलीचा फोटो बघावा तसा हातभर लांब धरला.

“हे जरा थोराड वाटतंय.”

“वजन आहे साहेब, पण त्यामुळंच शांत आहे,” विक्रेता म्हणाला. “झटका देत नाही. शिवाय गुणी. वरचा भाग आणि नळी बदलली, की बावीसचं बत्तीस होतं. दांडा तोच, चाप तोच. एका पिस्तुलात तुमचे तिन्ही प्रकार बसतात.”

“ऐकलं का सेक्रेटरी? मी काय म्हणत होतो? एकच, पण सगळ्यांना चालणारं!”

“चापाचं काय?” डॉक्टरांनी विचारलं. “मला हलका लागतो. आमच्या धंद्यात एकदा पकड घेतली की जोर लावायची सवय. इथं तीच नडते.”

“चाप नियमात बसेल तेवढा हलका करूनच येतो, डॉक्टर.”

“आणि हे बत्तीसचं मागं किती रेटतं?”

“दाढ काढताना पेशंट जेवढा रेटतो तेवढं,” नानासाहेब म्हणाले. “तुम्हाला सवय आहे.”

चहा आला. नानासाहेब हल्ली कप दोन्ही हातांनी धरत. विचारलं तर म्हणत, ऊब बरी वाटते. महिना एप्रिलचा होता.

ऊर्मिला शेडच्या दारात जुनं पिस्तूल पुसत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “मूठ डाव्या हाताची मिळते का हो?”

“मिळते की!” विक्रेता खुलला. “हाताची आकृती कागदावर काढून पाठवलीत, तर बोट न्‌ बोट मोजून कोरून देतात परदेशात.”

“आणि दोन्ही हातांना चालेल अशी?” मी विचारलं. मला वाटलं, मी तोडगा काढतोय.

“तीही मिळते सर. पण खरं सांगू का, दोन्ही हातांना चालणारी म्हणजे कुठल्याच हाताला न बसणारी. सपाट. भाकरीच्या काटवटीसारखी.”

नानासाहेबांनी कप खाली ठेवला. बशीत तो जरा वाजला. “शस्त्र उजव्या हातात शोभतं. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या...”

“आबा,” ऊर्मिला म्हणाली, “तुमच्या घराण्याच्या तलवारीनं मागच्या दसऱ्याला कोहळा कापला. तो पण तीन घावांत.”

“उजव्या हातानं कापला!”

“कोहळ्याला काय फरक पडला?”

डॉक्टर खोकले. मी खिडकीतून इतिवृत्तात लिहिण्याजोगं काही दिसतं का ते बघितलं. शेवटी मतदान झालं. मंडळात उजव्या हाताचे सगळे, डाव्या हाताची एक, आणि ती कमिटीत नव्हती. ‘उजव्या हाताची, मध्यम मापाची मूठ’ असा ठराव तीन विरुद्ध शून्यानं पास झाला. आम्ही तिघांनी हात वर केले. तिन्ही उजवे.

ऊर्मिलानं पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्यापुढं ठेवली. “मग सर, माझं नाव यंदा चाचणीला देऊ नका.”

“अगं, पुढच्या वर्षी...”

“पुढच्या वर्षी मी चाळिशीत, पोरगी दहावीत. गेल्या वर्षी पण तुम्ही पुढच्या वर्षीच म्हणाला होता. मला एकदा त्या संघाचा कोट घालायचा होता, बस्स. नाही तर नाही. पोल्ट्रीत अंडी मोजायला डावा हात चालतो.”

ती गेली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. नानासाहेब कपाच्या तळाशी उरलेल्या चहाकडं, कुणी त्यात काही लिहून ठेवल्यासारखं बघत बसले. मग म्हणाले, “सेक्रेटरी, पोहे कुणी केले होते?”

“ऊर्मिलानं.”

“हं. मीठ कमी होतं.”

नानासाहेबांना रक्तदाब. मीठ कमी आणि लोणचं बंद, ही सूनबाईंची आज्ञा. साऱ्या जिल्ह्यात नानासाहेब फक्त तिची आज्ञा मानत, आणि तीसुद्धा ती समोर असताना.

ठराव झाल्यावर चार दिवसांनी मी ऑर्डरचे कागद सहीला घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेलो. दुपारची वेळ, घरात दुसरं कुणी नाही. हाक मारली तर बराच वेळ कुणी ओ देईना. मग नानासाहेब आतल्या खोलीतून लगबगीनं आले. कानावर पेन्सिल, हातात मिठाईवाल्याकडचा पातळ कागद गुंडाळून धरलेला.

“काय चाललंय?”

“भिंतींची मापं. रंगाऱ्याला द्यायचीत.”

“पातळ कागदावर?”

“आमचा रंगारी शिकलेला आहे.” त्यांनी सही केली, कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवले. “पोस्टात मी टाकतो. मागच्या खेपेला तुम्ही तिकीट लावायचं विसरला होता.”

हे खरं होतं, त्यामुळं मी पेनाला टोपण लावलं.

पुढं परवाने, बंदर, जकात, असे बरेच महिने गेले. पिस्तूल आलं ते नेमकं नवरात्रात. नानासाहेबांनी पेटी बंगल्यावरच उतरवून घेतली, आणि फर्मान काढलं: “खंडेनवमीला पूजा होईल, आणि मगच हात लागेल. तोवर कुणी बघायचं पण नाही.”

खंडेनवमीला आमच्याकडं ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. शेडमध्ये पाट मांडला. त्यावर इंगवल्यांची तलवार, माझा पृथ्वीचा गोल, डॉक्टरांची दाढ उपटायची पकड, जयसिंगनं पाठवलेला कोंबड्यांना खाद्य घालायचा डबा, आणि मधोमध नवं पिस्तूल. म्हणजे पिस्तूल असावं असा आमचा समज. झेंडूचा हार नानासाहेबांनी एवढा जाड आणला होता की त्यातून फक्त नळी बाहेर डोकावत होती. मागचं सगळं फुलांत बुडालेलं.

“नानासाहेब, जरा दर्शन तरी होऊ द्या,” डॉक्टर म्हणाले.

“आधी पूजा!”

ऊर्मिला आली होती, पण घरचं कार्य म्हणून. निरांजन लावून बाजूला उभी राहिली. नानासाहेबांनी स्वतः हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आरती झाली. नारळ फुटला. मग त्यांनी सावकाश हार उचलला, पिस्तुलाला उजवा हात घातला आणि ते थबकले.

हात मुठीत शिरेना. अंगठ्याचा ओटा भलतीकडं. त्यांनी मनगट फिरवून बघितलं, कोपर वर करून बघितलं. कुणी उलटा सदरा घालायचा प्रयत्न करावा तसं ते दिसत होतं.

“बघू,” डॉक्टर पुढं झाले. “अहो, ही मूठ डाव्या हाताची आहे!”

“काय?” नानासाहेब गरजले. “डाव्या? ठराव काय, पाठवलं काय! ह्या लोकांना अक्कल आहे का नाही? सेक्रेटरी, फोन कुठाय?”

शेडच्या कोपऱ्यात मंडळाचा फोन होता. नानासाहेबांनी पुण्याचा नंबर फिरवला आणि त्या विक्रेत्याला असं धारेवर धरलं, की दारातला कुत्रा उठून खाणीच्या पलीकडं गेला. “रणझुंजारची चेष्टा करता होय? माफी? माफीला काय करू, तोंडी लावू?” बराच वेळ हे चाललं. नंतर मला घरी फोन करायचा होता तर लाईन मेलेली. बाहेर गटाराचं खोदकाम चालू होतं, सकाळपासूनच. म्हटलं, नानासाहेबांच्या आवाजानं तुटली असेल.

“जाऊ दे,” डॉक्टर म्हणाले, “परत पाठवू. मूठच बदलून मागवायची. सहा महिने लागतील, लागू देत.”

नानासाहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की डॉक्टरांनी नकळत पाटावरची पकड उचलून खिशात घातली.

“पूजा झालेलं हत्यार परत पाठवायचं? कपाळाला कुंकू लावून?”

“तसं नव्हे...”

“उद्या म्हणाल, तलवार पण बदलून आणा! पूजा झाली ती झाली. देवानं डावं दिलं, तर डावं. आजपासून सगळ्यांनी डाव्या हातानं मारायचं. शिस्त म्हणजे शिस्त.”

मग आमची रांग लागली. डॉक्टरांच्या पहिल्या गोळीनं खाणीच्या काठावरच्या बाभळीचा शेंडा उतरवला. माझी गोळी कुठं गेली हे मला, भूगोलाचा माणूस असूनही, सांगता आलं नाही. नानासाहेबांनी डाव्या हातानं पाच मारल्या, त्यांतल्या दोन चक्क त्यांच्या स्वतःच्या पुठ्ठ्यात लागल्या. उजव्या हातापेक्षा ही प्रगती होती.

“आता तुम्ही, सूनबाई,” ते दुसरीकडं बघत म्हणाले. “आलाच आहात तर.”

ऊर्मिलानं पदर खोचला. डावा हात पुढं केला. हात मुठीत गेला, आणि ती तशीच उभी राहिली. उचलेना, बोलेना. मी जवळच होतो. तिच्या डाव्या करंगळीचं पेर लहानपणी दारात चेमटून बाहेर वळलेलं होतं. मुठीवरची शेवटची खाच बाहेर वळलेली होती. करंगळी तिच्यात उंबऱ्यावरून आत यावी तशी आली.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “ही करंगळीची खाच वाकडी आहे.”

“असणारच! नुसता गबाळा कारभार! मूठ डावी, खाच वाकडी. माणसं कामाला ठेवतात का काय ठेवतात!”

ती त्यांच्याकडं बघत राहिली. नानासाहेब तलवारीवरचं कुंकू नखानं नीट करत होते.

“हो ना आबा,” ती म्हणाली. “फारच निष्काळजी लोक.”

मग तिनं हात उचलला. पाच गोळ्या. आम्ही दुर्बिणीतून बघितलं. पाचांची मिळून रुपयाएवढी एकच जागा फाटली होती. डॉक्टरांनी खिशातली पकड काढून परत पाटावर ठेवली.

मी तिचं नाव चाचणीला पाठवलं. तिला विचारलं नाही; तिनंही विचारलं नाही.

पुण्याला आम्ही चौघं गेलो. सकाळी नानासाहेबांची सेंटर फायरची फेरी होती. वयस्कर गटात, डाव्या हातानं. “पिस्तूल सगळ्यांचं आहे, हे लोकांना दिसायला पाहिजे,” असं म्हणून त्यांनी नाव दिलं होतं. त्यांच्या पहिल्या पाचही गोळ्या शेजारच्या सांगलीच्या वकिलांच्या पुठ्ठ्यात गेल्या. पंचांनी त्या नानासाहेबांच्या नावावर शून्य म्हणून मांडल्या. वकील तक्रार करायला आले ते नानासाहेबांच्या मिशा बघून ‘छान गट बसलाय’ एवढंच म्हणाले.

मग पिस्तुलाचा वरचा भाग बदलला, बत्तीसचं बावीस झालं, आणि दुपारी ऊर्मिला उभी राहिली.

पहिला निम्मा भाग संथ असतो; तो छान झाला. दुसऱ्यात पुठ्ठा तीन सेकंद समोर वळतो आणि मग पाठ फिरवून उभा राहतो. तेवढ्या तीन सेकंदांत खाली धरलेला हात उचलायचा, नेम धरायचा, एक गोळी मारायची आणि हात परत खाली. गेली दोन वर्षं ती इथंच हुकायची. घाईनं उचललं की मूठ अंगठ्याला चावायची.

नानासाहेब तिच्याकडं पाठ करून खुर्चीत बसले होते. “सांगत राहा,” ते मला म्हणाले.

“तुम्हीच बघा की.”

“मला ऊन लागतंय.” आम्ही शेडमध्ये होतो.

“हात उचलला... मारली... खाली.”

“कितीची?”

“इतक्या लांबून काय कळतंय?”

“मग तुम्हाला आणलं कशाला?”

शेवटच्या फेरीला डॉक्टर माझ्या खांद्याला धरून उभे होते. त्यांचा अंगठा माझ्या हाडात रुतत होता. पुठ्ठा वळला. हात उचलला, गोळी, हात खाली. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी पुठ्ठा वळला आणि हात उचललाच नाही. नुसता खाली. तेवढ्यात तो झर्रकन वर गेला, अगदी पुठ्ठा पाठ फिरवायला लागला त्या क्षणाला गोळी सुटली.

“काय झालं? सेक्रेटरी, काय झालं?”

“लागली वाटतं.”

“वाटतं काय? वाटतं काय?”

पाचवी निघाली. पंच पुढं गेले, भोकं मोजली, चिकटपट्ट्या लावल्या. बऱ्याच वेळानं फळ्यावर नावं लागली. संघात तीन बायका. तिसरं नाव ऊर्मिला जयसिंग इंगवले.

ती आली तेव्हा घामानं भिजली होती. तिनं अंगठा आमच्यापुढं धरला. कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

“चौथ्याला काय झालं गं?” मी विचारलं.

“काही नाही सर. एकदम वाटलं, मी जर हुकले तर आता दोष कुणाला द्यायचा? मूठ तर बसलीय. त्या विचारात एक सेकंद गेला.”

नानासाहेब उठले, धोतर झटकलं. “चौथी गोळी उशिरा गेली,” ते म्हणाले. “आवाजावरनं कळतं. सुधारा.” आणि तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डावा. उजवा त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून धरला होता.

ऊर्मिला सराव शिबिराला गेली. चारआठ दिवसांनी मी पेढे घेऊन बंगल्यावर गेलो. नानासाहेब एकटेच जेवायला बसले होते. ताटात ज्वारीची भाकरी, अळणी दिसणारी भाजी, आणि चेहऱ्यावर अन्याय.

“पेढे होय? आधी देवापुढं ठेवा,” ते सवयीनं म्हणाले. मग एकदम घाईनं, “थांबा, थांबा, मीच ठेवतो...”

पण मी तोवर देवघरात पोचलो होतो.

पेढे ठेवले, नमस्कार केला, मान वर केली. समोर भिंतीवर तो कुंकवाचा हात होता. इतक्या वर्षांनी लाल रंग विटकरी झाला होता, पण पाची बोटं स्पष्ट. डावा तळवा. बाहेर वळलेली करंगळी. आणि त्या सगळ्या हाताभोवती, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जाणारी, कागद सरकला असावा तशी मध्येच दुहेरी झालेली, थरथरत ओढलेली, पातळ कागदातून भिंतीच्या चुन्यात उतरलेली पेन्सिलीची रेघ.

बाहेर आलो. नानासाहेब भाकरीचा एकच घास मोडत बसले होते.

“नानासाहेब, रंगारी अजून आला नाही वाटतं?”

“कुठला रंगारी?”

“शिकलेला. भिंतींची मापं पाठवली होती तो.”

त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“तीन विरुद्ध शून्यानं ठराव पास झाला होता,” मी म्हटलं. “तुम्ही स्वतः हात वर केला होता.”

“केला होता.”

“आणि फोन मेला होता.”

“फोनला काय होतंय? बोलणारा धडधाकट पाहिजे.”

“नानासाहेब, सरळ सांगितलं असतं तर आम्ही काय नाही म्हणालो असतो?”

“असता की. डॉक्टर म्हणाले असते, सुनेसाठी मंडळ विकलं. तुम्ही इतिवृत्तात लिहिलं असतं. आणि सूनबाई म्हणाली असती, नको मला तुमची मेहेरबानी. ती माझ्यापेक्षा मानी आहे. देवानं चुकून दिलेलं कुणी नाकारत नाही.” त्यांनी उजवा हात ताटाकडं नेला. बोटं भाकरीवर टेकली, पण भाकरी मोडली नाही. त्यांनी तो हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताखाली झाकला. “शिवाय आता मला उजव्या मुठीचं पिस्तूल काय करायचंय?”

एवढ्या मोठ्या माणसासमोर आपण काहीतरी मोठं बोललं पाहिजे असं वाटत होतं. मी घसा खाकरला. “नानासाहेब, तुम्ही जे केलंत ना...”

“ते राहू दे,” ते म्हणाले आणि दाराकडं एक नजर टाकून आवाज खाली आणला. “सेक्रेटरी, फडताळात वरच्या फळीवर लोणच्याची बरणी आहे. सूनबाई जाताना झाकण लावून गेलीय. डाव्या हातानं लावलेलं आहे, ते उजव्यानं निघत नाही. तेवढं उघडून द्या.”